लॉक केलेलं टाइमिंग परत परत सरकतंय? डिस्ट्रिब्युटर फिरवायच्या आधी हे बघा

ड्रॅग रेसच्या दर सीझनला तोच विषय. डिस्ट्रिब्युटर म्हंजे प्लगांना ठिणगी वाटणारा भाग, आणि टाइमिंग म्हंजे पिस्टन पार वर (टीडीसी) पोचायच्या किती अंश आधी ठिणगी पडते ते. डिस्ट्रिब्युटर लॉक केला, टाइमिंग ३० अंशांवर बांधलं, बोल्ट गच्च आवळले, दोन रन मारले आणि परत क्रँक पुलीच्या खुणेवर टाइमिंग लाइट (ठिणगीबरोबर चमकणारा) मारून बघितलं तर २७. परत ३० केलं तर पुढच्या खेपेला ३२. मालवणातून एकाचा फोन, "काल बरोबर होता रे, आज परत फिरला कसा?" आणि चिपळूणवाल्यांचंही तेच रडगाणं, फक्त बोली वेगळी. म्हणून एकदाच सविस्तर लिहून टाकतोय.

मी इथे जुनी कार्बोरेटरवाली जिप्सी १३०० धरून बोलतोय, कारण आपल्याकडे ड्रॅगला बांधायला तीच हाताशी असते (७४ बाय ७५.५, १२९८ सीसी), डिस्ट्रिब्युटर कॅमच्या शेपटीला, फायरिंग ऑर्डर १-३-४-२. एमपीएफआय (इंजेक्शनवाली) असेल तर टाइमिंग ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) ठरवतो, ती भानगड वेगळी, तिथे यातलं बरंचसं लागू नाही.

फिक्स टाइमिंग का करतात ते थोडक्यात. रस्त्यावरच्या गाडीला स्लोपासून वरपर्यंत सगळं सांभाळायचं असतं म्हणून डिस्ट्रिब्युटरात वजनं आणि स्प्रिंगा असतात, आरपीएम चढेल तसं टाइमिंग पुढे जातं. ड्रॅगची गाडी लाइन सोडते तेव्हाच साडेपाच हजारावर असते आणि पुढचे ४०२ मीटर खाली येतच नाही. मग तो कर्व्ह हवाय कुणाला, उलट एक हलणारी वस्तू कमी. वजनं जाम, व्हॅक्यूमची नळी काढून तोंड बंद, पिकअप (ठिणगीचा सिग्नल देणारा सेन्सर) बसतो ती प्लेट जाम, झालं लॉक. पण लॉक झाला तो फक्त कर्व्ह. क्रँकपासून प्लगच्या ठिणगीपर्यंत टाइमिंग बेल्ट, कॅम, कपलिंग, बुश, पिकअप, इग्निशन बॉक्स, वायरी एवढी रांग आहे आणि त्यातलं काहीही हललं की खूण हलते. तेव्हा टाइमिंग सरकलं म्हणून लगेच पाना घेऊन डिस्ट्रिब्युटर फिरवू नका, ते कसं सरकतंय ते आधी बघा. आरपीएमबरोबर हळूहळू मागे येतंय, की पुढे जातंय, की खूण जागेवर थरथरतेय, की चालू असताना मस्त स्थिर पण दोन रननंतर बघितलं तर दुसरीकडेच? ही चार वेगळी दुखणी आहेत आणि लोक चारींवर एकच औषध देतात.

पण त्याआधी शून्य खरा आहे का

पुलीवरची टीडीसीची खूण बरोबर आहे हे कुणी सांगितलं? बऱ्याच पुल्या भंगारातून आलेल्या, कधी दुसऱ्याच इंजिनाच्या, आणि ज्या पुलीत मधे रबराची रिंग असते तिची बाहेरची कडी वय झालं की आतल्या बॉसवर सरकते. अशी पुली असेल तर तुम्ही टाइमिंग कितीही नीट बांधा, मोजायची पट्टीच चालतेय. तपासणं सोपंय, बॉसपासून बाहेरच्या कडीपर्यंत आडवी एक व्हाइटनरची रेघ मारा आणि रननंतर बघा, रेघ तुटलेली दिसली तर पुली बदला, बाकी काही करू नका.

टीडीसी काढायला प्लगच्या भोकात स्क्रू ड्रायव्हर घालून "आता वर आला" म्हणणारे मिस्त्री आहेत, त्यांना हात जोडून नाही म्हणा. या स्ट्रोकला टीडीसीच्या २ अंश अलीकडे पिस्टन जेमतेम ०.०३ मिलिमीटर खाली असतो, ५ अंशांवर सुद्धा ०.२ पेक्षा कमी. हाताला ते कळणारच नाही. पिस्टन स्टॉप वापरा. जुना प्लग घ्या, आतली पोर्सिलिन फोडून काढा, त्यात गोल डोक्याचा बोल्ट वेल्ड करा, झाला स्टॉप. चारी प्लग काढून ठेवायचे, एक नंबरला स्टॉप लावायचा, रिंग पान्याने हाताने क्रँक हळू फिरवायचा, टेकला की पॉइंटरसमोर पुलीवर खूण, मग उलट्या बाजूने फिरवून टेकला की दुसरी खूण. दोन्हींच्या बरोबर मधे खरा टीडीसी. स्टार्टर मारून हे करू नका, पिस्टनला भोक पडेल.

मग डिग्रीची पट्टी. बाजारात आपल्या पुलीच्या मापाची मिळेलच असं नाही, पण लागतेच कशाला. पुलीभोवती कागदाची पट्टी गुंडाळून परीघ मोजा आणि ३६० ने भागा. १३० मिमी व्यासाची पुली असेल तर परीघ ४०८ मिमी, म्हंजे एक अंश १.१३ मिमी आणि ३० अंश बरोबर ३४ मिमी. पट्टी चिकटवताना पुली ज्या बाजूला फिरते त्या बाजूला टीडीसीच्या पुढे चिकटवायची, कारण ३० ची खूण पॉइंटरसमोर आधी यायला हवी. उलटी चिकटवलेली पट्टी मी पाहिलीय, त्या गाडीवर सगळे आठवडाभर डोकं खाजवत बसले होते.

आरपीएम चढले की हळूहळू मागे येतंय

याचा फोन सगळ्यात जास्त येतो आणि यात बहुतेक वेळा बिघाड काहीच नसतो. इग्निशन बॉक्स आणि पिकअप सिग्नल मिळाल्यावर ठिणगी सोडायला थोडासा वेळ घेतात. वेळ ठरलेला असतो पण इंजिनाचा वेग वाढतो, त्यामुळे तेवढ्याच वेळात क्रँक जास्त फिरतो. हिशोब असा, आरपीएम गुणिले ६ म्हंजे सेकंदाला किती अंश. समजा सगळा मिळून ५० मायक्रोसेकंदाचा उशीर आहे, तर २,००० वर ०.६ अंश जातो आणि ७,५०० वर सव्वादोन. म्हंजे खाली ३० बांधलं तर वर ते साडेअठ्ठावीसच्याही किंचित खाली दिसणार. याला उपाय म्हंजे टाइमिंग खाली बांधूच नका. गाडी जिथे पळणार आहे त्याच्या जितकं जवळ जाता येईल तितक्या आरपीएमला बांधा, निदान ४,०००-४,५०० ला तरी, आणि ड्रॅगमधे तोच आकडा खरा धरा. स्लोला किती दिसतंय ते सोडून द्या. काही बॉक्सांत हा उशीर आपोआप भरून काढायची सोय असते, मॅन्युअल वाचा, न वाचताच अर्धी भांडणं होतात.

आणि हो, लाइट मारताना डोकं पुलीच्या आणि फॅनच्या रेषेत ठेवू नका. बाजूला उभं राहा, लुंगी-पंचा नको, गळ्यात काही लोंबतं नको. साडेचार हजारावर फॅनचा पट्टा तुटला तर तो विचारून येत नाही.

लाइटचाही एक घोळ. मागे डायल असलेले लाइट, ज्यात ३० लावून टीडीसीची खूण बघतात, ते मल्टिस्पार्क बॉक्साबरोबर गोंधळतात. एमएसडी कंपनीचे ६ सिरीजवाले बॉक्स साधारण ३,००० आरपीएमच्या खाली एका वेळी एकापेक्षा जास्त ठिणग्या सोडतात, त्यामुळे लाइटला कुठली खरी तेच कळत नाही, कधी एकाच्या दोन खुणा दिसतात. साधा बिनडायलचा लाइट आणि पुलीवर पट्टी, यापेक्षा भरवशाचं काही नाही. डायलवालाच असेल तर डायल शून्यावर ठेवा आणि साधा समजून वापरा.

पुढे जातंय

लॉक केल्यावर आरपीएमबरोबर टाइमिंग पुढे गेलं तर संशय एकच, लॉक झालेलं नाही. वजनांवरचा वेल्डिंगचा टाका तुटलाय किंवा ज्याने केलं त्याने स्प्रिंगा घट्ट टाकून "लॉक केला" म्हणून पैसे घेतलेत. कॅप काढा, रोटर (कॅपखाली फिरणारा, ठिणगी वाटणारा हात) बोटांनी दोन्ही बाजूंना पिळून बघा. एका बाजूला स्प्रिंगसारखा जाऊन परत येत असेल तर कळलंच. वेल्ड करायचं असेल तर आधी डिस्ट्रिब्युटर पूर्ण खोलून पिकअप बाजूला काढा, नुसता शाफ्ट घेऊन जा. आख्खा डिस्ट्रिब्युटर वेल्डिंगवाल्यासमोर ठेवला की तो अर्थिंगचा क्लॅम्प कुठेही लावतो आणि करंट बुशातून जातो.

व्हॅक्यूमची प्लेट लोक विसरतात. नळी काढली म्हंजे काम झालं असं नाही, प्लेट अजून स्वतःच्या बेअरिंगवर हलू शकते, ती स्क्रूने किंवा छोट्या पट्टीने बांधायला लागते. आणि बांधताना कुठे बांधताय ते बघा, कारण वजनांबरोबर रोटर आणि रिलक्टर (शाफ्टवरचं दातेरी चाक, ज्यावरून पिकअप सिग्नल घेतो) एकत्र फिरतात, पण प्लेट फिरली की पिकअप सरकतो आणि कॅप जागेवरच राहते. मग ठिणगी पडते त्या क्षणी रोटरचं टोक कॅपच्या पॉइंटसमोर नसून दोघांच्या मधे कुठेतरी असतं. टाइमिंग लाइटवर आकडा छान, पण वर गेल्यावर मिसफायर, आणि ठिणगी शेजारच्या सिलिंडरला उडी मारते. तपासायला एक जुनी कॅप बळी द्या. एक नंबरच्या पॉइंटजवळ वरून भोक पाडा, लाइटचा क्लिप एक नंबरच्या वायरला, आणि भोकातून बघा रोटरचं टोक कुठे थांबलेलं दिसतंय.

थरथरतेय

खूण दोन-तीन अंशांच्या पट्ट्यात नाचतेय. डिस्ट्रिब्युटर क्रँकच्या अर्ध्या वेगाने फिरतो हे डोक्यात ठेवा, तिथला एक अंश खेळ म्हंजे क्रँकचे दोन अंश. शाफ्ट धरून आडवा हलवा, टकटक लागली तर बुश गेलेत. पिकअप आणि रिलक्टरमधली फट दर फेरीला बदलते आणि सिग्नल कधी आधी कधी नंतर येतो. बुश लेथवर करून मिळतात, महाग नाही. त्यानंतर टाइमिंग बेल्टचा ताण बघा. कडक व्हॉल्व्ह स्प्रिंगा टाकल्या की कॅम पट्ट्याला हिसके देतो आणि ढिल्या पट्ट्यावर डिस्ट्रिब्युटरसुद्धा त्याच तालात नाचतो. पट्ट्याचा दात उडालाय का ही भीती मात्र काढून टाका, एका दाताला क्रँकचे साधारण पंधरा किंवा जास्तच अंश जातात, दोन-तीन अंशांसाठी दाताला बोल लावू नका.

पिकअपच्या दोन वायरी उलट्या जोडल्या असतील तरी असंच होतं आणि हे फार जणांकडे सापडतं. मॅग्नेटिक पिकअपला प्लस-मायनस असतं. उलट जोडलं तरी गाडी सुरू होते, म्हणून संशयच येत नाही, पण टाइमिंग भलतीकडे दिसतं, थरथरतं आणि आरपीएमबरोबर वाहवत जातं. कनेक्टर बदललाय, वायरिंग नवं केलंय आणि त्याच दिवसापासून त्रास सुरू झालाय असं असेल तर दोन वायरी अदलाबदल करून बघा, दहा मिनिटांचं काम. मग टाइमिंग पहिल्यापासून परत बांधायला लागेल हे लक्षात असू द्या.

थरथर अजिबातच नको असेल तर क्रँक ट्रिगर. चाक थेट क्रँकवर, चार सिलिंडरला दोन मॅग्नेट, पिकअप ब्लॉकला बोल्ट केलेला, डिस्ट्रिब्युटर फक्त ठिणगी वाटायला उरतो. चाक कुडाळ एमआयडीसीत कुठल्याही चांगल्या लेथवर निघेल, पण ॲल्युमिनियमचंच करा, लोखंडाचं नको, आणि मॅग्नेट नुसते चिकटवलेले नकोत, आतून खांदा ठेवून बसवलेले हवेत. आठ हजारावर सुटलेला मॅग्नेट रेडिएटरच काय, बॉनेटही बघत नाही.

चालू असताना ठीक, नंतर बघितलं तर दुसरीकडे

डिस्ट्रिब्युटरच्या बॉडीचा व्यास समजा ७० मिमी. तिथे ०.६ मिमी सरकलं की बॉडी एक अंश फिरली, म्हंजे क्रँकचे दोन अंश गेले. दोन नखांच्या जाडीएवढंसुद्धा नाही ते. म्हणून बोल्ट आवळल्यावर बॉडी आणि हेड दोन्हीवरून जाणारी एक बारीक रेघ सुईने ओढून ठेवा, रंगाची नको, रंग जाड असतो. रननंतर रेघ जुळत नसेल तर बॉडी फिरतेय. आणि ती का फिरते, तर आपल्याकडे त्या फ्लँजच्या खाली पांढरी पूड साचलेली असते. ॲल्युमिनियमवर खारी हवा लागली की ही पूड धरते, बोल्ट गच्च लागल्यासारखा वाटतो पण तो पुडीवर बसलेला असतो, इंजिन तापून थरथरलं की पूड चुरगळते आणि बोल्ट ढिला. घाटावरच्या पोरांना हा त्रास एवढा नाही. फ्लँज आणि बसायची जागा बारीक पॉलिश पेपरने साफ करा, नवा स्प्रिंग वॉशर, आणि खाचेवर जाड चपटा वॉशर टाका.

खाऱ्या हवेचं निघालंच आहे तर तेही सांगतो, कारण देवगड, मालवण, वेंगुर्ला, मिऱ्या इथल्या गाड्यांची निम्मी दुखणी इथेच सापडतात. अर्थिंगची वायर बाहेरून नवी दिसते, लगपाशी इन्सुलेशन दोन इंच सोला, आत तांबं हिरवं-काळं झालेलं असतं. मीटरने ओहम मोजून उपयोग नाही, तिथे ठीकच दाखवतो. मीटर व्होल्टवर ठेवा, एक टोक बॅटरीच्या मायनसला, दुसरं इंजिन ब्लॉकला, दुसऱ्याला स्टार्टर मारायला सांगा. ०.२-०.३ व्होल्टच्या वर गेलं तर अर्थ खराब. बॉक्सचा अर्थ बॉडीच्या पत्र्यावर घेऊ नका, सरळ बॅटरीपर्यंत न्या.

आणि कॅप. पावसात पाणी जाऊ नये म्हणून कॅपचं हवेचं भोक एम-सीलने बुजवलेली गाडी दर जूनमधे एक तरी येते. आत ठिणगी पडताना हवेतून ओझोन आणि नायट्रोजनची ऑक्साइडं बनतात, दमट हवेत त्यांचं ॲसिड होतं, आणि भोक बंद असेल तर ते सगळं आतच मुरतं. पॉइंटवर हिरवट पूड, आणि आतल्या भिंतीवर केसासारख्या काळ्या रेघा. त्या रेघांवरून ठिणगी पळते. अशी कॅप घासून वापरू नका, टाकून द्या. वजन कमी करायला अल्टरनेटर काढलेला असेल तर बॅटरी दर रनला उतरते, मग शेवटच्या रनला मिसफायर होतो आणि लोक म्हणतात टाइमिंग मागे गेलं. आधी व्होल्टेज बघा, पूर्ण भरलेली असेल तर १२.६ च्या आसपास हवं.

सुरू होताना उलटा झटका

हे सरकणं नाही, पण फिक्स टाइमिंगबरोबर येणारंच. स्टार्टर इंजिन २०० आरपीएमने फिरवतो, त्या वेगात ३० अंश जायला २५ मिलिसेकंद लागतात, ७,००० वर तेवढेच अंश पाऊण मिलिसेकंदाच्या आत जातात. म्हंजे सुरू करताना पेट्रोल पिस्टन वर यायच्या आधीच जळून मोकळं होतं आणि पिस्टनला परत खाली ढकलतं. स्टार्टरचं नाक तुटतं, रिंग गिअरचे दात जातात. बॉक्सात स्टार्ट रिटार्ड (सुरू होताना टाइमिंग आपोआप मागे घेणारी सोय) असेल तर तो चालू करा. नसेल तर इग्निशनला वेगळा टॉगल स्विच द्या, आधी स्टार्टर मारा, इंजिनाने वेग धरला की मग स्विच. पण बंद इग्निशनवर फार वेळ फिरवू नका, पेट्रोल हेडरमधे (एक्झॉस्टच्या नळ्यांत) साचतं आणि स्विच टाकल्यावर असा बार होतो की शेजारची म्हातारी काठी घेऊन येते.

आकडा किती ठेवायचा हे मी सांगणार नाही. अमेरिकन व्ही-८ च्या व्हिडिओत ३४-३६ सांगतात, तो आपल्या इंजिनाला चिकटवू नका. कॉम्प्रेशन, पेट्रोल, हवा सगळं वेगळं, आणि कोकणात समुद्रसपाटीला हवा दाट, इथे बांधलेली गाडी वर आंबी व्हॅलीच्या धावपट्टीवर नेली की तिथे मागणीच बदलते. २८ च्या आसपास सुरू करा, एकेक-दोनदोन अंश वाढवा, ईटीपेक्षा (रनला लागलेल्या वेळेपेक्षा) ट्रॅप स्पीड (शेवटच्या रेषेपाशी असलेला वेग) बघा, वाढायचा थांबला की एक पाऊल मागे. प्लग काढून बाहेरच्या इलेक्ट्रोडच्या पट्टीवर रंग बदलतो ती रेघ बघा, ती वाकणाशी असावी. टोकाकडे असेल तर टाइमिंग कमी, बुडाशी पोचली असेल तर जास्त. पोर्सिलिनवर चांदीसारखे बारीक ठिपके दिसले तर ते पिस्टनचं ॲल्युमिनियम आहे, पुढचा रन मारू नका. आणि हे सगळं मुंबई-गोवा हायवेवर रात्री तपासायचं नाही, बंद धावपट्टी किंवा परवानगीच्या इव्हेंटलाच.

एवढं करूनही सरकलं तर खुशाल फोन करा, पण हातात हे असू द्या. २,०००, ४,००० आणि ६,००० ला खूण कुठे दिसली, पिस्टन स्टॉपने टीडीसी काढला होता का, आणि बॉडीवरची सुईची रेघ जुळतेय का. नुसतं "सरकला रे" म्हणालात तर मी परत हेच सगळं विचारणार.